दुधाच्या पिशव्यांची वेणी

पौषातली सकाळ असे. बाल्कनीतल्या दोरीवर चिमट्यांनी अडकवलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या वाळत असत, आणि गंगापूर धरणाच्या बाजूने येणारा गार वारा त्यांच्यात शिरला की एक बारीक, कोरडी सळसळ घरभर पसरत जाई. पिंपळाच्या पानांची असते तशी, पण तिच्याहून हलकी, किंचित संकोचलेली. उन्हाची पहिली तिरीप त्या पिशव्यांतून गाळून आत आली की स्वयंपाकघराच्या भिंतीवर दुधी प्रकाशाचे चौकोन हलू लागत, आणि त्या चौकोनांच्या मधोमध, पदर कमरेला खोचलेली, ओल्या हातांनी पुढची पिशवी झटकणारी एक कृश आकृती उभी असे. एक हिसका, क्षणभर थांबणं, मग दुसरा हिसका. अंथरुणात डोळे उघडण्याआधीच मला कळे, की अक्का उठली आहे आणि घराचा दिवस सुरू झाला आहे.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, सिंधू. माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. लग्नानंतरचं तिचं सगळं आयुष्य नांदगावात गेलं. दाजींचं तिथे किराणा दुकान होतं आणि त्या दुकानामागच्या दोन खोल्यांत तिचा संसार. मूलबाळ नव्हतं. दाजी गेले, दुकान बंद झालं, आणि मी तिला नाशिकला घेऊन आले. मी लग्न केलं नाही. एका खाजगी शाळेत शिक्षिका म्हणून लागले आणि पुढे उपमुख्याध्यापिका झाले. गंगापूर रोडच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर माझं घर आहे. दोन बहिणी एका घरात राहतील, उतारवयात एकमेकींना सोबत होईल, असं मी मनाशी म्हटलं होतं. सगळ्यांना तसंच सांगितलंही होतं. सगळ्यांना म्हणजे सोसायटीतल्या लोकांना. शाळेत मी घरचं काहीच सांगत नसे.

किराणा दुकानाच्या मागे चाळीस वर्षं काढलेल्या बाईला रिकामं असं काही दिसतच नसावं. वस्तू संपली की तिच्या मते वेष्टनाचं खरं आयुष्य सुरू होई. माझ्या घरी तिने पहिल्या महिन्यातच तेलाचा पत्र्याचा डबा कापून, धारेच्या कडा आत दुमडून, त्यात पुदिना लावला. चिवड्याच्या आणि वेफर्सच्या चकाकत्या पाकिटांच्या पट्ट्या कापून त्या बाल्कनीच्या गजांना बांधल्या, आणि मी दोन वर्षं ज्या कबुतरांपुढे हात टेकले होते ती कबुतरं आठवड्याभरात शेजारच्या इमारतीवर निघून गेली. पिठाच्या दहा किलोच्या पिशवीला जुन्या साडीच्या काठाचे बंद लावून तिने भाजीची पिशवी शिवली. बिस्किटांच्या पुड्यातल्या खाचांच्या तबकडीत मेथीदाणे रुजत घातले. श्रीखंडाच्या डब्यांबद्दल काय सांगावं? माझ्या फ्रीजमध्ये श्रीखंडाचे चार डबे होते आणि एकातही श्रीखंड नव्हतं. एकात निवडलेली कोथिंबीर, एकात लसणाची चटणी, एकात विरजण, आणि एका डब्यात तर गुंडाळून ठेवलेले रबरबँड. मी वैतागले की ती म्हणे, "डबा उघडून बघायला तुझे हात दुखत्यात का, नंदे?" आणि स्वतःशीच हसे.

पण तिचा खरा जीव दुधाच्या पिशव्यांत. पिशवी फोडताना कोपरा पूर्ण कापायचा नाही, बारीक चीर द्यायची आणि तो इवलासा तुकडा पिशवीलाच लटकता ठेवायचा, हा तिचा दंडक होता. पिशवी कोमट पाण्याने आतून बाहेरून धुवायची, वाळवायची, मग वरचा आणि खालचा जोड काढून गोल गोल कापत जायचं, की एका पिशवीतून एकच लांबलचक फीत निघे. अशा तीन फिती घेऊन ती तिपेडी वेणी घाली. ती वेणी वाढत जाई, हातभर, काठीभर, खोलीभर. मग तिची चकली वळल्यासारखी गुंडाळी करत ती दाभणाने टाके घाली, आणि पाहता पाहता बसायचं आसन तयार होई: पांढऱ्यात निळ्याची नागमोड, मध्येच हिरवा ठिपका. पाणी न शोषणारं, धुतलं की झटकून कोरडं होणारं. पंचवटीत भाजीबाजाराच्या बाहेर ओल्या फरशीवर बसून कोथिंबीर, लिंबं विकणाऱ्या बायांना ती ही आसनं नेऊन देई. सिटीबसने जाई आणि परत येताना हातात कुणीतरी आग्रहाने दिलेली शेपूची जुडी असे.

वेणी घालताना तिची बोटं बघत राहावीत अशी चालत. दहा वर्षांची असताना मी तिच्याकडे राहायला गेले, कारण आमच्या गावात चौथीपुढे शाळा नव्हती. त्या बोटांनी रोज सकाळी माझी वेणी घातली आहे. डोकं मागे ओढून, तोंडात रिबीन धरून, मधूनच "हालू नको" असं नाकातून म्हणत. मी शिकले ती तिच्यामुळे. तिला चौथीतून काढून घरात बसवलं होतं. माझ्या बाबतीत तिने दाजींना आणि आमच्या वडिलांना एकाच वाक्यात सांगून टाकलं होतं, "ही शिकणार." पुढे त्या घरात त्या विषयावर चर्चा झाली नाही.

हे सगळं मला ठाऊक होतं. तरीही त्या पिशव्यांची मला लाज वाटे.

या लाजेचं मूळ फार जुनं होतं. नांदगावच्या घरात मैद्याच्या रिकाम्या पोत्यांच्या पांढऱ्या कापडाचे माझे परकर शिवले जात. कापड सुती, टिकाऊ, अंगाला मऊ. पण गिरणीचं नाव निळ्या शाईत छापलेलं असे आणि ते धुऊन जात नसे. एकदा शाळेच्या मैदानावर लेझीम चालू असताना वाऱ्याने माझा गणवेश उडाला आणि मागच्या रांगेतल्या मुलींनी माझा परकर मोठ्याने वाचून दाखवला. त्यानंतर वर्षभर माझं नाव "मैदा" होतं. घरी येऊन मी रडले. अक्काने तो परकर सोड्याच्या पाण्यात उकळला, चुन्यात घातला, उन्हात वाळवला, पुन्हा उकळला. तीन दिवस तिचं तेच चाललं होतं. अक्षरं फिकी झाली, गेली नाहीत. शेवटी तिने त्यांच्यावर स्वतःच्या लुगड्याची किनार लावली. तिने तीन दिवस माझ्यासाठी हात भाजून घेतले, हे माझ्या स्मरणात राहायला हवं होतं. राहिलं ते मुलींचं हसणं. माणसाचं मन कशाची राखण करतं आणि कशाची नाही, याचा हिशेब लावू गेलं तर स्वतःचीच भीती वाटते.

सकाळी घंटागाडी सोसायटीच्या फाटकाशी येई तेव्हा अक्का खाली उभी असे. लोक सुका कचरा गाडीत टाकण्याआधी ती हात पुढे करी, "दुधाच्या पिशव्या इकडं द्या ताई." आधी बायकांना नवल वाटलं, मग सवय झाली, आणि हळूहळू असं झालं की शेजारणी पिशव्या धुऊन आमच्या दाराच्या कडीला अडकवून जाऊ लागल्या. मी शाळेतून दमून येई, किल्ली काढी, आणि कडीला लटकलेला तो पांढरा झुबका पाहून माझ्या कपाळावर आठी उमटे. अक्काला ती आठी दिसत असणार. ती झुबका काढून घेई आणि म्हणे, "बस, च्या ठेवते."

ती एक रविवारची सकाळ होती. आमच्या शाळेच्या संस्थेच्या सचिव रेवती मॅडम स्नेहसंमेलनाचे कागद घेऊन, न कळवता, माझ्या दारात उभ्या राहिल्या. जवळच कुणाकडे आल्या होत्या, म्हणून वाट वाकडी केली म्हणाल्या. अंगावर फिकट चंदेरी साडी, मागे सुगंधाची पुसट रेघ. मी त्यांना आत घेतलं. दिवाणखान्यातून बाल्कनी सरळ दिसते. तिथे अक्का विटकी साडी गुडघ्यापर्यंत खोचून, बादलीपुढे उकिडवी बसून पिशव्या धूत होती. आंबट दुधाचा वास आमच्यापर्यंत येत होता. तिच्या कोपरांपर्यंत फेस होता आणि कपाळावर आलेली पांढरी बट ती मनगटाने मागे सारत होती.

"या कोण?" रेवती मॅडमनी सहज विचारलं.

"कामाला आहेत माझ्याकडे," मी म्हणाले.

तीन शब्द. ते मी ठरवून बोलले नाही, असं मी पुष्कळ दिवस स्वतःला सांगत आले. पण न ठरवता जे ओठांवर येतं ते कुठेतरी आधीपासून तयारच असतं. बाल्कनीतला पाण्याचा आवाज थांबला. अक्काने मान वर केली नाही; फक्त तिचे हात पाण्यात स्थिर राहिले, जणू काही हरवलेलं ती बादलीच्या तळाशी चाचपून पाहत होती. मग मीच पुढे म्हणाले, आणि हे मात्र मी नक्की ठरवून म्हणाले, कारण एकदा बोललेलं निभावून न्यावं लागतं:

"मावशी, चहा ठेवता का?"

अक्का उठली. हात पुसले, पदर सोडून दोन्ही खांद्यांवरून घेतला, जसा तो कामाच्या बाया परक्यासमोर घेतात. ती आत गेली, आणि थोड्या वेळाने ट्रे घेऊन आली. माझ्या घरात ट्रे कुठे असतो हे तिला ठाऊक नव्हतं. आम्ही दोघी कधी ट्रे वापरतच नसू. तिने तो शोधून काढला होता. कप ठेवून ती एक पाऊल मागे सरकली आणि उभी राहिली.

"साखर पुरे का, मॅडम?" तिने विचारलं. मला.

मी "हो" म्हणाले.

रेवती मॅडमचं लक्ष तेवढ्यात खुर्चीवरच्या आसनाकडे गेलं. त्यांनी ते उचलून उलटंसुलटं पाहिलं, बोट फिरवलं. "काय सुरेख आहे हे. कुठून घेतलंत?" मी सांगितलं, यांनी केलंय, दुधाच्या पिशव्यांचं. त्या खरोखर हरखल्या. "अहो, मग यांना शाळेत आणा ना. चौथीला कार्यानुभवाचा तास आहे, मुलांना शिकवू दे. मावशी, याल का शाळेत?"

अक्काने माझ्याकडे पाहिलं नाही. "मॅडम म्हणत असतील तर येईल मी," ती म्हणाली.

त्या गेल्यावर मी दार लावून वळले तेव्हा अक्का कप विसळत होती. "अक्का, मघाशी मी..." एवढंच बोलले.

"त्यांना कमी गोड लागतो वाटतं," ती म्हणाली. "अर्धा तसाच ठेवला."

"अक्का, ऐक ना."

"जाऊ दे गं. नोकरीची जागा असती. माणसाला कुठं कसं बोलावं लागतं. मी काय दुकानात गिऱ्हाइकाशी खोटं बोलले नाय का कधी?" तिने कप पालथा घातला. "आन् तू कामून तोंड पाडून बसली? जेवायला काय करू सांग."

ती रागावली असती, रडली असती, दोन दिवस अबोला धरला असता, तर माझी सुटका झाली असती. तिने मला ती सुटका दिली नाही, किंवा तिला वाटलं की तिने दिलीच आहे. त्या दिवसापासून मात्र दोन गोष्टी बदलल्या. दाराची घंटा वाजली की ती न सांगता स्वयंपाकघरात जाऊ लागली. आणि पिशव्यांची दोरी बाल्कनीतून निघून न्हाणीघरात गेली. तिथे ऊन येत नसे, वारा नसे. पिशव्या वाळायला दोन दोन दिवस लागत, आणि सकाळी घर नि:शब्द असे.

मग दर शुक्रवारी दुपारी अक्का शाळेत येऊ लागली. माझ्या स्कूटरवरून नाही. मी म्हटलं होतं, बरोबर जाऊ, ती म्हणाली, "नको, दिसंल कुणाला." ती बसने येई, फाटकापाशी पहारेकऱ्याच्या वहीत नाव लिही आणि चौथीच्या वर्गात जाई. पहिल्या शुक्रवारी मी काचेतून डोकावले. चाळीस मुलं तिच्याभोवती जमिनीवर बसली होती. एवढ्या शांततेत तो वर्ग मी कधी पाहिला नव्हता. फळ्याला पाठ करून, मांडी घालून, ती बोलत होती आणि तिच्या बोलण्याला नांदगावच्या मातीचा खरखरीत पोत होता, ज्यातला एकेक उच्चार मी स्वतःच्या जिभेवरून घासून घासून काढून टाकला होता. मुलांना त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"कात्री अशी धरायची. कोपरा तोडायचा नाय. तो लहान हाय, त्याला येगळा केला का तो हरवतो, गटारीत जातो, गाईच्या पोटात जातो. मोठ्या पिशवीला धरून ऱ्हाऊ द्या त्याला."

मुलांनी तिच्याकडून पुष्कळ शिकून घेतलं. ज्यूसचे खोके उघडून, आतली रुपेरी बाजू बाहेर काढून पेनांचे ठेवे केले. दह्याच्या वाट्यांत वाल पेरले. तेलाच्या बाटल्यांना खिडक्या कापून चिमण्यांसाठी दाणे ठेवले. वर्गात वेणी वाढत गेली, प्रत्येक मुलाने आपल्या घरच्या पिशवीची फीत तिला जोडली. ज्या मुलांच्या न संपवलेल्या डब्यांच्या तक्रारी रोज माझ्याकडे येत, ती मुलं डबा संपवून रिकामं वेष्टन जपून अक्कासाठी ठेवू लागली. ती त्यांना नावाने ओळखी. "अक्का" हे नाव तिनेच त्यांना सांगितलं होतं. शिक्षकवर्ग तिला मावशी म्हणे. मीही.

एका शुक्रवारी मी वर्गाच्या दारात उभी होते, तास संपत आला होता. ईशा नावाची एक चौकस मुलगी वेणीचं टोक धरून बसली होती. तिने अक्काला विचारलं, "अक्का, तुम्ही कुठे राहता?"

"मॅडमच्या घरी."

"मॅडमच्या कोण तुम्ही?"

अक्काने तोंड वर केलं आणि माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत आर्जव नव्हतं, आव्हान नव्हतं. दुकानात लहान मूल आलं आणि काय हवं ते त्याला सांगता येईना, की ती त्याच्या तोंडाकडे जशी धीराने बघत राही, तसं ती बघत होती. वर्गातली चाळीस मुलं माझ्याकडे वळली होती. खिडकीतून तिरकं ऊन येऊन त्या लांब पांढऱ्या वेणीवर पडलं होतं. किती वेळ गेला असेल? एक श्वास, फार तर दोन. शब्द माझ्या तोंडात होता. त्याला जोडाक्षर नाही, अडखळावं असं काहीच त्यात नाही.

"चला, आवरा," मी म्हणाले. "घंटा होईल."

अक्काने मान खाली घातली आणि ईशाच्या हातातली फीत सरळ केली. "कामाला असते मी त्यांच्याकडं," ती म्हणाली. अगदी सहज. जणू हवामानाबद्दल बोलावं.

मी शाळेतल्या माझ्या खोलीत जाऊन बसले. कुणीतरी सही घ्यायला आलं, मी सही केली. हात कापत नव्हता, याचंच मला आज जास्त वाईट वाटतं.

माघ संपताना शाळेत मुलांच्या वस्तूंचं प्रदर्शन भरलं. पालक आले, पाहुणे आले. मुलांच्या वेणीचं एक मोठं आसन झालं होतं, त्यावर पहिलीची दहा मुलं एकदम बसू शकत. रेवती मॅडमनी व्यासपीठावरून अक्काचं कौतुक केलं आणि तिचा सत्कार माझ्या हस्ते ठेवला. तिने दाजी असतानाची जांभळी साडी नेसली होती. मी तिच्या खांद्यांवर शाल घातली, श्रीफळ दिलं. तिच्या अंगाला साबणाचा तोच स्वस्त वास होता, ज्या वासात मी लहानपणी तापाच्या रात्री झोपले होते. वाकायचं, फक्त वाकायचं होतं. पुढे काही सांगावंच लागलं नसतं. मी "धन्यवाद, मावशी" म्हणाले, आणि माझ्या थोरल्या बहिणीने मला हात जोडून नमस्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

चैत्र लागला तशी ती म्हणाली, "नांदगावला जाऊन येते. घर बंद हाय, वाळवी लागंल."

मी म्हणाले, "कशाला? उन्हाळ्यात तिथे पाण्याचे हाल."

"हाल कशाचे. जन्म गेला तिथं."

"मग परत कधी येशील?"

"बघू," ती म्हणाली.

मी तिला स्टँडवर सोडायला गेले. गाडी हलली तेव्हा तिने खिडकीतून हात केला, आणि गर्दीत परत फिरताना मला जे वाटलं ते मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला हलकं वाटलं. घरी येऊन मी दाराच्या कडीला अडकवलेला पिशव्यांचा झुबका काढला आणि दुसऱ्या सकाळी घंटागाडीत टाकून दिला. शेजारणींना सांगितलं, अक्का गावी गेली, आता ठेवू नका.

ती परत आली नाही. फोनवर बोलत असू, आठवड्यातून एकदा. ती मुलांची विचारपूस करी, ईशाची हमखास. मी "ये आता" म्हणे. त्या म्हणण्यात किती जोर होता ते तिला ऐकू येत असणार. भाद्रपदात एका दुपारी नांदगावहून शेजारच्या रुखसानाभाभींचा फोन आला. अक्का ओट्यावर बसली होती, पाणी मागितलं, आणि पाणी आणेपर्यंत राहिली नाही. हृदयाचं काही असेल, असं डॉक्टर म्हणाले. मी पोचले तेव्हा संध्याकाळ होत होती.

पुढचे दिवस मी तिथेच राहिले. बायका भेटायला येत. ओळखीच्या, अनोळखी. प्रत्येकीचा चेहरा मला पाहून उजळे, दुःखाच्या घरात उजळू नये तसा, आणि मला त्याचा अर्थ लागेना. शेवटी रुखसानाभाभींनीच सांगितलं. त्या माझ्याजवळ सतरंजीवर बसल्या, माझा हात हातात घेतला.

"अक्का तुमचं लय सांगायची, मॅडम. रोजचं होतं तिचं. म्हणायची, माझ्या बहिणीनं मला शाळेत नेलं, खुर्चीवर बसवलं. सगळ्या पोरांना सांगितलं का ही माझी मोठी बहीण हाय, हिनं मला शिकवलं, आता तुमी हिच्याकडून शिका. आमाला तर पाठ झालं होतं ते. चौथीतून काढलेली बाई मी, म्हणायची, आन् नंदानं मला मास्तरीण केलं."

तिने त्या गावात माझ्यासाठी एक बहीण रचून ठेवली होती. जी मी व्हायला हवी होते, ती. आणि त्या बहिणीचे हात हातात घेऊन त्या बायका मला धीर देत होत्या. मी त्यांना खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी खोटी ठरले असते, हे खरंच. पण अक्काही खोटी ठरली असती, आणि एवढं मोडायचा मला अधिकार नव्हता. की हीही पुन्हा एक पळवाट? मला ठरवता येत नाही.

नाशिकला परत आल्यावर रेवती मॅडमनी खोलीत बोलावून विचारलं, एवढी रजा का घ्यावी लागली.

"माझी थोरली बहीण गेली," मी म्हणाले.

"अरेरे. तुम्ही कधी बोलला नाहीत. कुठे असायच्या?"

"इथेच होती. माझ्याकडे. तुम्ही पाहिलंय तिला. शाळेत यायची, चौथीच्या वर्गावर. ती माझ्याकडे कामाला नव्हती, मॅडम. ती माझी सख्खी बहीण."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मी तिरस्काराची वाट पाहत होते. खरं तर मला तो हवा होता. पण त्यांच्या चेहऱ्यावर नुसतं गोंधळलेलं दुःख होतं.

"अहो, मग सांगायचं ना तसं," त्या हळूच म्हणाल्या. "आम्ही काय म्हणणार होतो?"

काहीच म्हणणार नव्हत्या. कुणीच काही म्हणणार नव्हतं. ज्या हसण्याला भिऊन मी ते तीन शब्द बोलले, ते हसणारं त्या घरात माझ्याखेरीज कुणी नव्हतं.

पुढच्या शुक्रवारी मी त्या मुलांकडे गेले. ती आता पाचवीत होती. खडू हातात घेतला होता, तो तसाच राहिला. मी त्यांना सांगितलं, अक्का माझी मोठी बहीण होती. तिने मला वाढवलं, शिकवलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी सांगितलं नाही, ते माझं चुकलं, आणि ती जे बोलली ते माझी लाज राखायला बोलली. सांगताना माझा आवाज मला ओळखू येत नव्हता. कुठेतरी एका शब्दावर तो नांदगावचा झाला. मुलांनी सगळं ऐकून घेतलं. नात्याची त्यांना फारशी मातब्बरी वाटली नसावी. मागच्या बाकावरून एकाने विचारलं,

"म्हणजे अक्का आता येणार नाहीत?"

"नाही," मी म्हणाले.

एवढंच त्यांना विचारायचं होतं. बाहेर भाद्रपदाचं उघडझाप करणारं ऊन मैदानावर पडत होतं, सरत होतं.

माणूस समोर असतं तोवर खरं बोलायला पुष्कळ वेळ आहे असं आपल्याला वाटत राहतं. ते निघून गेल्यावर उमगतं, की तो वेळ आपला नव्हताच, त्याने त्याच्या आयुष्यातून गुपचूप काढून आपल्यापुढे धरलेला होता, आणि आता आठवण म्हणून उरलं आहे ते त्याचं वाट पाहणं.